विहिरीचं पाणी तपासायचं कसं: पिण्यासाठी वेगळं, पिकासाठी वेगळं

नवीन बोअरला पाणी लागलं की घरातलं कुणीतरी पहिली ओंजळ चाखतं आणि सांगून टाकतं, "गोडं आहे!" तेवढ्यावर मोटर बसते, पाइपलाइन जाते, घरात नळही फिरतो. चव बघणं चुकीचं नाही. पाणी खारं किंवा मचूळ असेल तर जीभ ते बरोबर सांगते. पण नायट्रेट, फ्लोराईड आणि जंतू यांना ना चव असते, ना रंग, ना वास. आणि जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) करणारा सोडा ज्या पाण्यात असतो, ते पाणी पुष्कळदा प्यायला अगदी मऊ, चांगलं लागतं.

आजकाल जिभेच्या जोडीला टीडीएस मीटर आलाय. पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवायचं आणि आकडा आला की निकाल लावायचा. माझं स्पष्ट मत आहे की या मीटरने जितकी मदत केली, तितकाच घोळही घातला. पाण्यात एकूण विरघळलेलं किती आहे, एवढंच तो सांगतो. काय विरघळलंय ते सांगत नाही. तीनशे टीडीएसच्या पाण्यात फ्लोराईड दोन मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त, असू शकतं आणि हजार टीडीएसच्या पाण्यावर कापूस झकास येऊ शकतो. म्हणून पाणी "चांगलं की वाईट" असं न विचारता "कशासाठी चांगलं" असं विचारायचं. एकाच विहिरीला पिण्यासाठी एक निकाल आणि शेतीसाठी दुसरा निकाल मिळू शकतो. पुढे एक नमुना अहवाल सोडवून दाखवलाय, त्यात नेमकं हेच दिसेल.

पहिलं काम: आपल्या भागाचा अंदाज घ्या

सगळ्या तपासण्या सगळीकडे करत बसण्यात पैसा जातो. जमिनीखाली कोणता खडक आहे आणि वर काय चालतं, यावरून कुठे काय सापडेल याचा बराच अंदाज येतो.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. इथलं पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात साठतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, म्हणून ते जड असतं: साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. त्रासदायक खरं, पण हा काही विषारी प्रकार नाही. भेगांचं पाणी असल्यामुळे एकाच शेतातल्या विहीर आणि बोअरचं पाणीही वेगळं निघतं. शेजाऱ्याचा अहवाल आपल्याला चालत नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत, विशेषतः खोल बोअरला, फ्लोराईडचा प्रश्न आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला फार वाढू देत नाही. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असेल तिथे फ्लोराईड चढतं. त्यामुळे या पट्ट्यात बोअरचं पाणी "मऊ" लागलं तर खूश होण्याऐवजी फ्लोराईड आधी तपासा. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या गाळाच्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात, ते उगीच नाही. तिथे क्षार आणि सोडियम दोन्ही बघावे लागतात, आणि बहुतेक ठिकाणी खोल जाल तसं पाणी अधिक खारं लागतं. कोकण किनाऱ्यालगत उपसा वाढला की समुद्राचं पाणी आत सरकतं, तिथे क्लोराईडवर नजर ठेवायची. जांभ्याच्या भागात हापशाचं पाणी काढताना स्वच्छ दिसतं आणि कळशीत तासभर राहिलं की तांबूस होतं, ते लोह. सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या कालव्याखालच्या ऊसपट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्यात, तिथल्या विहिरींत क्षार आणि नायट्रेट दोन्ही सापडतात.

नायट्रेट मात्र खडकावर अवलंबून नाही. युरिया, उकिरडा, गोठा, शोषखड्डा यांपैकी काहीही विहिरीच्या उताराच्या वरच्या बाजूला असेल, तर राज्यात कुठेही नायट्रेट तपासायलाच हवं.

नमुना घेणं: अर्धं काम इथेच

प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी बाटलीत आलेलं पाणीच ती तपासणार. शीतपेयाची जुनी बाटली, तळाशी थोडा रंग, टाकीतलं कालचं पाणी, चार दिवस मोटारसायकलच्या डिकीत: अशा नमुन्याचा अहवाल फाडून टाकलेला बरा.

रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली पुरते; प्रयोगशाळेने दोन लिटर सांगितले तर दोन. बोअर असेल तर मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, म्हणजे केसिंगमध्ये उभं राहिलेलं पाणी निघून जाईल आणि खडकातलं ताजं पाणी येईल. नमुना टाकीच्या आधी, थेट पाइपातून घ्यायचा. उघड्या विहिरीत वरचा तवंग बाजूला सारून फूटभर खालचं पाणी घ्या. ज्या पाण्याचा नमुना आहे, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आत हवा ठेवू नका, झाकण घट्ट लावा. लोह तपासायचं असेल तर प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली मागून घ्या, नाहीतर लोह वाटेतच तळाला बसतं.

जंतूंच्या तपासणीची पद्धत वेगळी, आणि नवखे लोक गोंधळतात ते इथे. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणायची आणि ती विसळायची नाही. आत क्लोरीन मारणारं औषध घातलेलं असतं. विसळलं की ते गेलं. नळाचं तोंड पुसून, शक्य असेल तर ज्योतीने शेकून, पाणी दोन मिनिटं सोडा. मग बाटली उघडा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, वर थोडी जागा सोडून भरा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. सहा तासांत पोहोचली तर उत्तम. चोवीस तासांनंतर त्या नमुन्याला अर्थ राहत नाही.

बाटलीवर गाव, गट नंबर, विहीर की बोअर, खोली, तारीख, वेळ आणि "पिण्यासाठी" की "सिंचनासाठी" हे लिहा. शेवटची नोंद न लिहिल्यास पुष्कळदा भलत्याच उपयोगासाठीचे घटक तपासून मिळतात.

वर्षातून दोनदा नमुना घ्यावा: एकदा मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, आणि एकदा पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. क्षार बहुधा उन्हाळ्यात वाढलेले दिसतात. जंतू आणि कधीकधी नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर आत येतात. एकच नमुना परवडत असेल तर शेतीसाठी मे निवडा. पिण्याच्या पाण्याचे जंतू मात्र पावसाळ्याच्या तोंडावर बघायलाच हवेत.

गावातच होणाऱ्या तपासण्या

जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना क्षेत्रीय तपासणी संच दिलेत आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. संच कपाटात पडून असेल तर मागून घ्या आणि मुदत संपलेली नाही ना, ते बघा.

यातली कठीणपणाची, म्हणजे पाणी किती जड आहे याची, तपासणी प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावी. कुपीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, एका बाटलीतले थेंब घालायचे, चिमूटभर भुकटी टाकायची. पाणी रेड वाइनसारखं लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब मोजत सोडायचा आणि प्रत्येक थेंबाला कुपी हलवायची. बराच वेळ काहीच होत नाही. मग लालात जांभळी छटा येते आणि पुढच्या एक-दोन थेंबांत पाणी स्वच्छ निळं होतं. तिथे थांबायचं. थेंबांची संख्या गुणिले संचावर दिलेला आकडा, म्हणजे कठीणपणा. घाईघाईने थेंब टाकले तर निळ्याच्या पुढे निघून जातो आणि आकडा फुगतो.

फ्लोराईडला रंगपट्टीशी जुळवायचं असतं. बहुतेक संचांत फ्लोराईड वाढेल तसा गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो. हे सावलीत पण उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघा. जंतूंसाठी एचटूएसची कुपी भरून उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी टेस्ट करतो, त्यात पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे.

संचाची तपासणी ही चाळणी आहे. धोका दाखवला की नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत पिण्याच्या पाण्याची तपासणी सामान्य माणसालाही माफक शुल्कात करून मिळते. सिंचनाच्या पाण्यासाठी कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ किंवा माती परीक्षण प्रयोगशाळा गाठा.

अहवाल हातात आल्यावर आधी तो खरा आहे का ते बघा

सरावासाठी एक अहवाल घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी बांधलेत, पण काळ्या जमिनीतल्या विहिरीला शोभतील असेच आहेत. विद्युतवाहकता, म्हणजे ईसी (क्षार जास्त तितकी ती जास्त), १७५० मायक्रोसीमेन्स, टीडीएस ११२०, सामू (पीएच) ७.९, कठीणपणा ३००. कॅल्शियम ४८, मॅग्नेशियम ४४, सोडियम २५३. बायकार्बोनेट ४८८, क्लोराईड २४८, सल्फेट ४८, नायट्रेट ६२, फ्लोराईड ०.८. ईसी आणि सामू सोडून सगळं मिलिग्रॅम प्रतिलिटर.

पाण्यात धनभारित आणि ऋणभारित कण समान असावेच लागतात. ते तपासायला मिलिग्रॅमचं मिलिइक्विव्हॅलंट करायचं, म्हणजे प्रत्येकाला ठरलेल्या आकड्याने भागायचं: कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.१५, सोडियमला २३, बायकार्बोनेटला ६१, क्लोराईडला ३५.५, सल्फेटला ४८, नायट्रेटला ६२.

कॅल्शियम २.४, मॅग्नेशियम ३.६, सोडियम ११, बेरीज १७. दुसरीकडे बायकार्बोनेट ८, क्लोराईड ७, सल्फेट १, नायट्रेट १, बेरीज १७. जुळलं. दोन बेरजांमधला फरक एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल तर अहवाल विश्वासाचा, १० टक्क्यांच्या पुढे गेला तर पुन्हा तपासून मागा. तो तुमचा हक्क आहे. आणखी दोन झटपट खुणा: ईसीला ०.६४ ने गुणलं की साधारण टीडीएस येतो, आणि कठीणपणाला ५० ने भागलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज. इथे ३०० भागिले ५० म्हणजे ६, आणि २.४ अधिक ३.६ पण ६च.

पिण्यासाठी निकाल

भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत बहुतेक घटकांना दोन मर्यादा आहेत. पहिली स्वीकार्य. दुसरी, दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घेण्याची कमाल. टीडीएस ५०० आणि २०००. कठीणपणा २०० आणि ६००. क्लोराईड २५० आणि १०००. सल्फेट २०० आणि ४००. फ्लोराईड १ आणि १.५. सामू ६.५ ते ८.५ मध्येच हवा. नायट्रेटला ४५ ही एकच मर्यादा, सवलत नाही. आणि ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

आपल्या अहवालात टीडीएस, कठीणपणा कमाल मर्यादेच्या आत, फ्लोराईड ठीक. पण नायट्रेट ६२. हे पाणी पिण्यासाठी नापास, आणि टीडीएस मीटरने ते कधीच सांगितलं नसतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाहेरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आवर्जून सांगा: उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागे राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. फ्लोराईडचंही तसंच. उकळणं जंतूंसाठी.

जंतू निघाले तर घाबरायचं कारण नाही, उपाय हातात आहे. विहिरीतलं पाणी मोजा: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे ६३ हजार लिटर पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर धरली तर साधारण १६० ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि ढवळायचं. तासाभराने क्लोरीन ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर मेलेली असते, तेव्हा ओटी टेस्ट करूनच मात्रा पक्की करा. शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटरच्या आत असेल, तर आधी तो हलवायचा विचार करा. नाहीतर दर महिन्याला तेच.

फ्लोराईड जास्त असेल तर पहिला उपाय दुसरा स्रोत शोधणं. जवळपास उथळ विहीर असेल तर तिचं पाणी तपासून बघा, पुष्कळदा ते बरं निघतं. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यावर चालते. आरओ नायट्रेट आणि फ्लोराईड दोन्ही कमी करतो, पण बसवण्याआधी आणि बसवल्यावरही पाणी तपासा. जड पाण्याला घाबरून मात्र कुणी आरओ घेऊ नये.

शेतीसाठी निकाल: तीन प्रश्न

*एकूण क्षार किती?* १९५४ साली अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने केलेली वर्गवारी अजूनही वापरात आहे: ईसी २५० पर्यंत क्षार कमी, ७५० पर्यंत मध्यम, २२५० पर्यंत जास्त, पुढे अति. आपलं १७५० तिसऱ्या वर्गात.

पण निकाल पिकागणिक बदलतो. अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांनुसार पाण्याच्या ईसीने घेवड्याला ७०० च्या पुढे, कांद्याला ८००, द्राक्षाला १०००, ऊस, मका आणि संत्र्याला ११००, टोमॅटोला १७०० च्या पुढे फटका बसू लागतो. गहू ४०००, ज्वारी ४५०० आणि कापूस ५००० पर्यंत तग धरतात. म्हणजे आपल्या विहिरीवर ज्वारी-कापूस निर्धास्त, टोमॅटो काठावर, आणि कांद्याचं उत्पादन सुमारे पाव हिश्शाने घटण्याची तयारी ठेवावी लागेल. हे तक्ते निचरा चांगला आहे असं धरून केलेत. भारी काळ्या जमिनीत इतकी मोकळीक धरू नका.

क्षार म्हणजे नेमकं किती, ते एकदा किलोत मोजा. एका पाळीला पाच सेंटिमीटर पाणी दिलं तर एकरात सुमारे दोन लाख लिटर जातं. ११२० टीडीएसने त्यातून सव्वादोनशे किलो क्षार जमिनीत पडले. एका पाळीला! पीक पाणी घेतं, क्षार बहुतेक तिथेच राहतात. पाऊस त्यांना खाली धुऊन नेतो, पण चर किंवा निचरा असेल तरच. ऊसपट्ट्यातल्या जमिनी कशाने गेल्या, ते या हिशोबातून कळतं.

*सोडियमचा वाटा किती?* त्यासाठी एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं प्रमाण. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मिलिइक्विव्हॅलंटची बेरीज अर्धी करा, तिचं वर्गमूळ काढा, त्याने सोडियमला भागा. आपल्याकडे बेरीज ६, अर्धे ३, वर्गमूळ १.७३, ११ भागिले १.७३ म्हणजे ६.४. दहाच्या आत कमी, १८ पर्यंत मध्यम, २६ पर्यंत जास्त. इथे ठीक. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात: पाणी वर तुंबतं, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं होतं. काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, त्यामुळे तिला हा मार लवकर बसतो. मुरमाड शेतात जे पाणी वर्षानुवर्षं खपतं, तेच काळ्या रानात तितकं खपत नाही. म्हणून पाण्याच्या अहवालाबरोबर मातीचा अहवालही समोर ठेवा.

*बायकार्बोनेट किती उरतं?* कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केलं (सगळं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये) की आरएससी, म्हणजे उरलेलं बायकार्बोनेट. आपलं ८ वजा ६ म्हणजे २. १.२५ पर्यंत चांगलं, २.५ पर्यंत जपून, पुढे अयोग्य. जास्तीचं बायकार्बोनेट जमिनीतल्या कॅल्शियमला चुनखडी करून बसवतं, आणि मागे सोडियमचं राज्य राहतं. एसएआर चांगला दिसतोय म्हणून निश्चिंत होऊ नका, ते या कारणाने. याची खूण ठिबकच्या ड्रीपरवरही दिसते: तोंडाशी पांढरी कडा धरते आणि ओळीतली शेवटची झाडं आधी सुकू लागतात.

आरएससीवर उपाय जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. आरएससी एका एककाने उतरवायला पाच सेंटिमीटरच्या एका पाळीला एकरी साडेसतरा किलो शुद्ध जिप्सम लागतं. आपल्याला २ वरून १.२५ वर यायचंय, म्हणजे सुमारे १३ किलो. बाजारातलं शुद्ध नसतं, त्या मानाने वाढवा. जमीन आधीच चोपण झाली असेल तर जिप्समची मात्रा माती परीक्षणावरून वेगळी काढावी लागते. खारट पाण्यावर मात्र जिप्सम चालत नाही, ते आणखी एक क्षारच आहे. तिथे निचरा, पावसाच्या किंवा कालव्याच्या पाण्याशी आलटून-पालटून पाळ्या, आणि पिकाची निवड, एवढेच मार्ग.

आपल्या विहिरीतलं नायट्रेट पिकाला उलट खतच आहे. ६२ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम नत्र. एका पाळीला एकरी जवळपास तीन किलो नत्र पाण्यातूनच जातं. तेवढं युरियातून कमी करा. खर्च वाचेल आणि विहिरीत परत झिरपणारं नायट्रेटही हळूहळू उतरेल.

अहवाल एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा आणि सोबत त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहा. दरवर्षीच्या मे महिन्याची ईसी चढत चालली असेल तर निकालाची ओळ ओलांडायची वाट न बघता उपसा आणि पीक यांचा विचार सुरू करा. बोअर आणखी खोल नेली, शेजारी नवी बोअर पडली किंवा गोठा हलवला, तर जुना अहवाल बाद समजून नवा नमुना द्या.